ठण् वाजणारे बाळ

मोठ्या माणसाला इंजेक्शन देण्यात गणित फारसे नसते. एक माणूस, एक अ‍ॅम्प्यूल, एक ओरडा, संपले. गणित सुरू होते ते मुलांच्या वॉर्डात. तिथे औषध किलोवर ठरते, किलोचे मिलिग्रॅम होतात, मिलिग्रॅमचे मिली होतात आणि हे सगळे शेवटी सिरिंजवरच्या दोन बारीक रेघांच्या मधे कुठेतरी येऊन थांबते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात मी नर्सिंग शिकत होते आणि मला याच वॉर्डात राहायचे होते. बाकीच्या मुली लहान मुलांवर जीव जडतो म्हणून तो वॉर्ड मागत. माझा जीव अपूर्णांकांवर जडला होता. अर्जात मात्र मीही लहान मुलेच लिहिली.

माझे वाढणे वारणानगरातले. वडील साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते, त्यामुळे आमच्या घरी चहा गोड झाला की नाही यावरही मत टक्केवारीत दिले जाई. बारावीला विज्ञान घेतले, मेडिकलची जागा थोडक्यात हुकली. दुपारी रडून घेतले आणि संध्याकाळी योजना आखली: नर्सिंग, मग पदवी, मग नर्सिंग कॉलेजात शिकवणे, आणि मग ज्यांनी मला नाकारले त्या डॉक्टर मंडळींच्या मुलींना आपण परीक्षेत नापास करणे. योजनेतला शेवटचा टप्पा काळाच्या ओघात गळला. पण पदवीसाठी शिफारस लागे, आणि मुलांच्या वॉर्डात ठरलेली मुदत पुरी केल्याशिवाय ती शिफारस मिळत नसे. म्हणजे माझे पुढचे सगळे आयुष्य त्या वॉर्डाच्या दारातून जाणार होते, आणि त्या दारात इनचार्ज सिस्टर उभ्या होत्या.

सिस्टर उंचीने बेताच्या, इस्त्रीने कडक. कमरेच्या पट्ट्याला चांदीचे बक्कल, खिशात चाव्यांचा जुडगा, कात्री आणि टॉर्च. त्या येण्याआधी त्यांचा आवाज येई. त्यांच्या वॉर्डात औषध भरण्याची एक पद्धत होती आणि ती त्यांनी स्वतः घालून दिलेली होती. बाळाचे सकाळचे वजन शिकाऊ मुलीने काट्यावर घ्यायचे आणि मोठ्याने सांगायचे. मग दोघींनी, म्हणजे सिस्टर आणि ती मुलगी यांनी, वॉर्डाच्या दोन टोकांना पाठमोरे उभे राहून डोस काढायचा. कागद नाही, बॉलपेनने डाव्या तळहातावर. मधल्या वेळात बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत. झाले की एकमेकींकडे वळायचे आणि उत्तर एकदमच, मोठ्याने म्हणायचे. जुळले तर सुई भरायची. जुळले नाही तर सिस्टरांचे उत्तर चालायचे आणि मुलीच्या नावापुढे एक फुली पडायची. तीन फुल्या झाल्या की मुलगी धुतलेल्या चादरी मोजण्याच्या खोलीत.

"चादरींचं बरं असतं," सिस्टर पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "एक चुकली तरी कुणाच्या कानाला बहिरेपण येत नाही."

मला या पद्धतीचे भय वाटले नाही. उलट मी इतक्या लवकर वळून बघे की सिस्टर अजून आपला हातचा धरत असत. त्यांना ते आवडत नसे, हे मला दिसत होते. दिसूनही मी वेग कमी केला नाही, हेही खरे.

त्या महिन्यात उचगावहून एक तान्हे बाळ आले. छातीत कफ, ताप. दाखल करताना त्याच्या आईने त्याला उघडे करून काट्यावर ठेवले, वजन बरोबर चार किलो. औषध दर किलोला अडीच मिलिग्रॅम द्यायचे होते, आणि हातातल्या बाटलीत एका मिलीमागे चाळीस मिलिग्रॅम. चार गुणिले अडीच, दहा. दहा भागिले चाळीस, पाव. पाव मिली. इतके सोपे उत्तर आले की मला बाळाबद्दल आदर वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाची आजी आली. उचगावात त्यांचे किराणा मालाचे दुकान. गल्ल्यावर मुलगा बसे, पण काटा आजीच्या हातात. घरात मराठीइतकेच कन्नड चालायचे, म्हणून सगळे तिला अव्वा म्हणत, आणि दुपारपर्यंत आमचा वॉर्डही म्हणू लागला. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, हिरवे लुगडे आणि आवाज असा की शेजारच्या वॉर्डातले रुग्णही तिच्या हुकमावर आपली औषधे घेतील. तिने आल्या आल्या दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, लेकरू उघडे करायचे नाही. दोन, काट्यावर ठेवायचे असेल तर ती स्वतः ठेवणार.

"गार पत्रा हाय. तुमचं हात बी गारच," ती मला म्हणाली. "मी ठिवते. तुमी निस्तं बघा."

मी मान्य केले. कापडाचे वजन माझ्यासाठी अडचण नव्हती. तसलेच एक दुपटे वेगळे तोलून मी ते वजा करत असे. बाळाच्या गळ्यात लिंगाची छोटी चांदीची डबी होती, तिच्यासाठीही मी अंदाजाने काही ग्रॅम सोडले. इतकी सूक्ष्मता सांभाळून मी आकडा पाहिला आणि मोठ्याने सांगितला.

"साडेचार किलो."

वॉर्डाच्या टोकाशी सिस्टर वळल्या. "काल एवढं नव्हतं."

"आज साडेचार आहे, सिस्टर."

"एका रात्रीत इतकं वाढलं? दूध पितंय का सिमेंट?"

पद्धत ती पद्धत. आम्ही पाठमोऱ्या झालो. मी साडेचारवर गणित केले, सिस्टरांनी दाखल करतानाच्या चारवर. मी म्हटले, "शून्य पूर्णांक अठ्ठावीस," त्या म्हणाल्या, "पाव." पाव मिली दिले गेले, आणि माझ्या नावापुढे पहिली फुली पडली. त्यानंतरच्या सकाळीही हेच, अक्षरशः हेच. दुसरी फुली. अव्वा पलंगाच्या कडेला बसून आमच्या दोघींकडे कुस्ती बघायला आल्यासारखी बघत होती.

आता मला राग आला, आणि मला राग आला की मी प्रयोग करते. हा आजार मला वडिलांकडून आला. बाळ खोटे असू शकत नाही, म्हणजे काटा खोटा असणार; आणि काटा खोटा असेल तर तो सगळ्यांशी खोटा वागला पाहिजे. मी सलाइनची एक न उघडलेली बाटली काट्यावर ठेवली, आकडा लिहून घेतला. मग तीच बाटली औषधांच्या खोलीतल्या दुसऱ्या काट्यावर ठेवली. तोच आकडा. दोन बाटल्या ठेवल्या, दुप्पट आला. सिस्टरांना बोलावून हे सगळे पुन्हा करून दाखवले. त्या हाताची घडी घालून बघत होत्या.

"म्हणजे काटा बरोबर," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे रोजच्या सकाळचं वजन खरं. आपण जुन्या आकड्यावर अडून बसलो आहोत."

'आपण' हा शब्द मी सौजन्याने वापरला होता. तो कुणाला उद्देशून आहे ते त्यांना कळले. त्यांनी हाताची घडी सोडली. मग म्हणाल्या, "ठीक. उद्या काट्यावर जो आकडा तू मोठ्यानं सांगशील, तो मी धरीन. आणि उद्या उत्तर जुळलं नाही, तर चादरी."

इतका स्वच्छ विजय मला त्याआधी कधी मिळाला नव्हता. तो दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत टिकला.

सकाळी अव्वाने नेहमीप्रमाणे बाळ काट्यावर ठेवले. त्या वेळी शेजारच्या पलंगावरची मुलगी नेमकी रडायची थांबली, एवढाच काय तो फरक. वॉर्ड शांत होता, आणि बाळ पत्र्यावर टेकताना आवाज आला: ठण्.

माणसाचे मूल पत्र्यावर ठेवले तर ठण् असा आवाज येत नाही, एवढे जीवशास्त्र मला येत होते.

मी अव्वाकडे पाहिले. अव्वाने छताकडे पाहिले. मी दुपट्याचे पायाकडचे टोक चाचपले. आत, दोन घड्यांच्या मधे, दुकानातले लोखंडी वजन होते. अर्ध्या किलोचे. वर सरकारी शिक्काही असणार. ही बाई खोटे बोलतानाही प्रमाणित मापाने बोलत होती.

"अव्वा," मी दबक्या आवाजात म्हणाले, "हे काय आहे?"

"वजन हाय की. दिसत न्हाय व्हय?"

"ते बाळाच्या पायाशी कशाला?"

तिने माझा दंड धरून मला जवळ ओढले. "पोरी, मी सारी उमर तोलण्यात घालवली. गूळ तोलला, शेंगा तोलल्या, ज्वारी तोलली. मालाचं वजन चारचौघांत सांगायचं असतंय, गिऱ्हाइकाची खात्री पटाय पायजे. लेकरू काय माल हाय? तुमी रोज सकाळी उठून त्येचं वजन साऱ्या वॉर्डाला वरडून सांगता. आकडा खोटा असला म्हंजी नजर बी खोट्यालाच लागंल. आमच्या गल्लीत एका पोराला निरोगी बाळाच्या स्पर्धेत पयलं बक्षीस दिलं. समद्यांसमोर तोललं, टाळ्या वाजवल्या. लगेच गोवर."

"गोवर विषाणूमुळे होतो, अव्वा."

"व्हय की. पर त्येला पत्ता कुणी दिला?"

 पत्त्याचे प्रकरण सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात नव्हते. पण जे मला माहीत होते ते मी तिला सांगितले: हे औषध बाळाच्या वजनावर ठरते, वजन फुगवले तर औषध फुगते, आणि हे औषध जास्त झाले तर कान आणि मूत्रपिंडे बिघडवते. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरला. आतापर्यंत सिस्टरांच्या हट्टामुळे बाळाला बरोबरच डोस गेला होता, हेही मी सांगितले. मला ते सांगणे आवडले नाही.

"मग काढते," ती म्हणाली, पण हात हलला नाही. "काढलं की तुमी खरा आकडा वरडणार."

इथे माझ्यातली प्रयोगशाळेची मुलगी पुढे झाली. रिकाम्या बाटलीचे वजन माहीत असेल तर भरलेल्या बाटलीतून ते वजा करता येते. बाटली फेकून द्यावी लागत नाही. मी म्हणाले, "राहू दे ते तिथंच. दुकानाच्या वजनासकटचा आकडा मी मोठ्यानं सांगते. अर्धा किलो मनात वजा करते, आणि औषध खऱ्यावर काढते. खरा आकडा कागदावर लिहून फक्त सिस्टरांना दाखवीन."

"कुणाला बोलणार न्हाईस?"

"नाही बोलणार."

"लिंगावर हात ठिवून सांग."

मी बाळाच्या गळ्यातल्या डबीला हात लावला. बाळाने माझे बोट धरले. करार झाला. मग मी सरळ उभी राहिले आणि वॉर्डाला ऐकू जाईल असे म्हणाले, "साडेचार किलो."

माझ्या योजनेत एकच चूक होती, आणि ती वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. मी खिशातून कागद काढेपर्यंत सिस्टर पाठमोऱ्या होऊन तळहातावर लिहू लागल्या होत्या. आदल्या दिवशीचा पराभव त्यांना झोंबला होता. आज त्यांना माझ्या आधी वळायचे होते. आणि एकदा पाठ फिरली की बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत. मी तळहातावर पाव मिली लिहिले आणि वळले. त्या आधीच वळलेल्या होत्या.

"पाव," मी म्हणाले.

"शून्य पूर्णांक अठ्ठावीस," सिस्टर म्हणाल्या.

वॉर्डातल्या आयांना आमची उत्तरे आता पाठ झाली होती. त्यांच्यात कुजबुज झाली. दोघींनी उत्तरांची अदलाबदल केली होती. सिस्टरांनी आधी माझ्या हाताकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"दोन दिवस माझ्याशी साडेचारासाठी भांडलीस. बाटल्या तोलून दाखवल्यास. आज मी तुझं साडेचार धरलं, तर तू जुना आकडा धरतेस?"

 शब्द दिला होता, तोही चांदीच्या डबीवर. मागून अव्वाचा श्वास ऐकू येत होता.

"सिस्टर, एक मिनिट टेबलापाशी..."

"टेबलापाशी काही नाही. जे असेल ते इथं, मोठ्यानं." त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवून दिली, एवढे मात्र बरे झाले; नियमाने त्यांचेच उत्तर चालायचे, पण आज उत्तर जुळेपर्यंत त्या स्वतःचीही सुई भरायला तयार नव्हत्या. "लहान काट्यावर तुझा फार जीव आहे. आता मोठ्या काट्यावर बघू. मी एकटी उभी राहीन, मग बाळाला घेऊन उभी राहीन. दोन्हींतला फरक म्हणजे बाळ. आकडे तू वाच."

मोठा काटा वॉर्डाच्या मधोमध होता, उभा, दांडीवर गोळा सरकवायचा. गणित म्हणून पद्धत निर्दोष होती. फक्त बाळाबरोबर लोखंडही त्यांच्या कडेवर चढणार होते, फरक साडेचारच येणार होता आणि मी दुपारी चादरी मोजणार होते. सत्य माझ्या बाजूला होते, आणि ते दुपट्यात गुंडाळलेले होते.

सिस्टर काट्यावर चढल्या. लगेच उतरल्या. खिशातून चाव्या काढून पलंगावर ठेवल्या, कात्री ठेवली, टॉर्च ठेवला. "उगीच आकडा चुकायला नको," त्या म्हणाल्या. पुन्हा चढल्या, पुन्हा उतरल्या, बूट काढले. मग थोडा विचार करून कमरेचा पट्टा सोडला; चांदीचे बक्कल बरेच जड असावे, असे त्यांनी ते ठेवताना दाखवले. वॉर्डातली एकही आई आता आपल्या मुलाकडे बघत नव्हती. कोपऱ्यातली एक उठून बसली. दारात तपासणीला आलेले डॉक्टर थांबले.

मी दांडीवरचा गोळा सरकवला. तो सरकत राहिला. सिस्टर समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"वाचू?" मी विचारले.

"मनात वाच."

"सिस्टर, वजन मोठ्यानं सांगायचं, असा आपला नियम..."

"तो बाळांसाठी आहे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या मागून अव्वा उठली. बाळ तिच्या कडेवर होते. ती सरळ काट्यापाशी आली आणि सिस्टरांच्या बरोबर समोर उभी राहिली.

"का वं बाई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज शेजारच्या वॉर्डात गेला नसावा, "तुमचं झाकून, आन् आमच्या लेकराचं उघडं व्हय?"

 अनवाणी पायांनी काट्यावर उभे राहून कुणालाच फार काही बोलता येत नाही. अव्वाने दुपट्याच्या घडीत हात घातला, लोखंडी वजन काढले आणि सिस्टरांच्या हातात ठेवले.

"ह्ये वजा करा. आन् ही पोरगी बोलली न्हाय, कारण मी तिला सोडलं न्हाय बोलाय."

काट्याची दांडी टक्कन वर गेली. सिस्टरांच्या वजनात अर्ध्या किलोची भर पडली होती आणि ती त्यांनाही कळली. त्यांनी ते वजन लगोलग माझ्या हातात दिले. मग उतरल्या, बूट घातले, पट्टा बांधला, चाव्या, कात्री, टॉर्च खिशात टाकले. स्पिरिटचा बोळा घेऊन तळहातावरचे उत्तर पुसले. चेहऱ्यावरची एकही रेघ न हलवता वॉर्डाच्या आपल्या टोकाला जाऊन पाठमोऱ्या झाल्या. मीही झाले, जरी माझे उत्तर तयारच होते. या वेळी मी वळायची घाई केली नाही. त्यांची चाहूल लागल्यावर वळले.

"पाव मिली," आम्ही दोघी म्हणालो.

सुई भरली, दिली गेली. बाळ रडले, आणि ते रडणे ऐकून अव्वाने सिस्टरांकडे असे पाहिले, जणू यापेक्षा तोलणे बरे होते.

तिसरी फुली पडली नाही. पण टेबलापाशी मला बोलावून सिस्टर जे बोलल्या ते फुलीपेक्षा जड होते. वॉर्डात खोटा आकडा मोठ्याने सांगायचा नाही, मग शब्द देवाला दिलेला असो की आजीला. पुन्हा झाले तर चादरी नाहीत, थेट घर. मी मान खाली घालून ऐकले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, "आणि तू काय वाचलंस?"

"कशाचं, सिस्टर?"

"मोठ्या काट्यावर."

"माझं लक्ष बाळाकडे होतं."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मला वाटते, माझी शिफारस तिथेच लिहिली गेली. सही तेवढी मुदत संपल्यावर झाली.

दुसऱ्या सकाळपासून वॉर्डाची पद्धत बदलली. वजन मोठ्याने सांगणे बंद झाले. ते चिठ्ठीवर लिहून सिस्टरांच्या हातात द्यायचे, त्यांनी वाचायचे, आणि मगच पाठमोरे व्हायचे. बाळाला तोलताना पलंगाभोवती पडदा ओढायचा, आणि दुपट्याची घडी शिकाऊ मुलीने स्वतः उलगडायची. बदलाचे कारण कुणी सांगितले नाही. मोठ्या काट्याचे तोंड मात्र भिंतीकडे वळलेले होते, आणि मी त्या वॉर्डात असेपर्यंत ते तसेच राहिले.

बाळ बरे होऊन घरी निघाले त्या दिवशी अव्वा मला कोपऱ्यात घेऊन गेली. लोखंडी वजन तिच्या पिशवीत परत गेले होते, दुकानात गिऱ्हाईक त्याची वाट बघत होते. तिने आजूबाजूला पाहिले आणि माझ्या कानाशी तोंड आणले.

"पोरी, आलं तवा खरं किती भरलतं?"

मी तिच्या कानात सांगितले, "चार."

ती समाधानाने मागे झाली. "व्हय. आमच्या दुकानात बी चारच भरलतं."

 "तुम्ही तोललं होतंत?"

"दवाखान्यात न्यायच्या आदी. शटर खाली वडलं आन् तोललं," अव्वा म्हणाली आणि बाळाचे टोपरे नीट करून जिन्याकडे वळली. "म्हंजी तुमचा काटा बराबर हाय. सांग तुझ्या सिस्टरला."